मुक्ता चर्चमध्ये जाते, पण…

मास्ट्रिख्ट, शनिवार

ती. आई-बाबा,

कुकर लावलाय, तो उतरेपर्यंत लिहिते. "आम्ही दर शनिवारी चर्चमध्ये असतो," असं तुमची नात मुक्ता फोनवर म्हणाली आणि आईने लगेच कुमुदमावशीला बोलावून घेतलं म्हणे! अगं, ते चर्च म्हणजे पुस्तकांचं दुकान आहे.

तसं मूळचं चर्चच, डोमिनिकन साधूंचं, 1294 सालचं. आपली ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे जवळपास माउलींच्याच काळातलं. पुढे 1794 मध्ये फ्रेंच फौजा गावात आल्या, साधूंची हकालपट्टी झाली आणि तिथे घोडे बांधले गेले. मग गोदाम झालं, कार्निव्हलचा धिंगाणा झाला, चक्क सायकलस्टँडही झाला. 2006 मध्ये आत लोखंडी माड्या उभारून पुस्तकं मांडली. 2014 मध्ये चालवणारी कंपनी बुडाली, तर कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून दुकान वाचवलं. गणपतीची नव्हे, पुस्तकांची वर्गणी! भिंतीवर 1337 चं चित्र अजून आहे.

बाबा, नाकं मुरडू नका. आपल्या भोपाळच्या मिंटो हॉलने काय कमी सोसलंय? कॉलेज झालं, 1956 ते 1996 विधानसभा भरली, आता परिषदा. यांनी घोडे बांधले, आपण आमदार बसवले. जास्त नासधूस कोणी केली, ते तुम्हीच ठरवा.

पूर्वी वेदी होती तिथे आता कॉफी मिळते, क्रुसाच्या आकाराच्या टेबलावर. कप साधारण चार युरोंचा, म्हणजे चारशे रुपये! तेवढ्यात भोपाळला अख्ख्या घराचे पोहे-जलेबी होतील. मी एकच कप तासभर पुरवते, मुक्ता फुकटात पुस्तक संपवते.

आणि सायकल! गावात वाटेल तिथे लावली की उचलून नेतात, सोडवायला वर पैसे भरायचे. तिकडे न्यू मार्केटात स्कूटर आडवी लावून "दोन मिनिटांत आलो" म्हणत बाबा तासभर गायब व्हायचे, ते इथे चालायचं नाही. आमचे हे तर आता सायकल लावली की तिचा फोटो काढून ठेवतात. भांडायला पुरावा! भांडायचं कोणत्या भाषेत, ते अजून ठरलेलं नाही.

पार्सल मिळालं. शेवेचा पार चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. मेथकुटाची पुडी फोडली तशी मुक्ता म्हणाली, "आजीच्या घराचा वास." मी भांडी घासायला उठले.

मंदारला इंदूरची मुलगी मिळाली ते छान झालं. पोहे कुठले चांगले यावर जन्मभर भांडण होणार, पण मुलगी सीए आहे ना, मग मंदारच हरेल. कुमुदमावशीला सांगा, आहेर म्हणून इथलं चीज मागू नये, विमानात वास सुटतो. आईने गुडघ्याचा एक्स-रे आधी काढावा, मग मंडईच्या फेऱ्या. आणि बाबा, सुनीलकाकाच्या प्लॉटचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

तुमची,
चिमी