‘मू’, खाली बस!

‘आनंददायी शिक्षणा’चं प्रशिक्षण द्यायला जे तज्ज्ञ येतात, त्यांचे चेहरे पाहिले की आनंदावरचा विश्वासच डळमळतो. अशाच एका साहेबांनी आम्हाला सांगितलं, ‘‘शुद्धलेखन खेळातून शिकवा.’’ कोणत्या खेळातून, ते सांगण्याआधी चहा आला.

तिसरीच्या पोरांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचं म्हणजे जे कानाला कळत नाही, ते हाताला कळवायचं. बोलताना ‘कवी’ काय आणि ‘कवि’ काय, आपण सारखंच बोलतो. म्हणून श्रुतलेखन घालताना आम्ही बाया ‘पाणीऽऽऽ’ असा सूर ओढतो. पोरं बिलंदर. ती ऐकत नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. ओठ जास्त फाकले की दुसरी वेलांटी! मला सर्दी झाली आणि मी तोंडावर रुमाल धरून शब्द घातले, त्या दिवशी सगळ्या वर्गाच्या वेलांट्या पहिल्या आल्या.

मग मी कवायत काढली. पहिल्या वेलांटीचा काना अक्षराच्या डावीकडे, म्हणून डावा हात वर. दुसरीला उजवा. उकारांना त्याच हिशेबाने पाय. पण मी वर्गाकडे तोंड करून डावा हात उचलला, की पोरं समोर दिसेल त्या बाजूचा, म्हणजे आपला उजवा उचलायची. तेव्हा मी पाठ करून उभी राहू लागले. नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख आले. बाई फळ्याकडे तोंड करून एक पाय वर, आणि मागे सगळा वर्ग तसाच. ‘‘योगासनं का?’’ ‘‘नाही साहेब, कुटुंब.’’

त्यांनी परीक्षा म्हणून ‘विद्यार्थिनी’ विचारला. ‘वि’ला डावा हात, ‘र्थि’ला डावा, ‘नी’ला उजवा. ‘विद्यार्थी’त मात्र ‘र्थी’ला उजवा. पहिल्या बाकावरची एक तेवढ्यात म्हणाली, ‘‘मुलींची आली की वेलांटी लगेच पहिली का हो?’’ साहेबांनी शेरेबुक मागवलं.

खरी मजा पुठ्ठ्यांच्या खेळात आली. दोन पोरं गळ्यात ‘मू’ आणि ‘ल’ अडकवून उभी. शेपटाला ‘ला’ येऊन चिकटला की ‘ल’ने काना घ्यायचा, म्हणजे हात सरळ खाली सोडायचा, आणि ‘मू’ने गुडघ्यात वाकून ‘मु’ व्हायचं: मुलाला. फूल, फुलाला, वकील, वकिलाला, सगळे बिचारे वाकले. पण ‘शरीर’ला ‘ला’ लागला तरी ‘री’ ताठच. इतका वेळ वाकून बसलेला ‘मू’ उसळला, ‘‘त्याला का सूट?’’

मी म्हटलं, ‘‘तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. तत्सम.’’

‘‘म्हणजे पाव्हण्याला खुर्ची आणि घरच्यानं भुईवर बसायचं!’’

मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ आले. त्या अठरांवर इतकं नेमकं भाष्य मी बी.एड.च्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. मी स्वतः महामंडळाची ऋणीच आहे. आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सांडलेले असत, ते या नियमांनी पुसले. नाहीतर टिंबांसाठी पोरांना कुठला अवयव उचलायला लावला असता, देव जाणे.

पुढे पोरं पाट्यांवर घसरली. शाळेच्या वाटेवर ‘शुध्द शाकाहारी’ अशी एक पाटी आहे. अर्धा ‘द’ ‘ध’ला जोडायचा, तर रंगाऱ्याने उलटं केलेलं. पोरांनी आत जाऊन मालकाला कळवलं, की तुमचं शाकाहारी अशुद्ध आहे. मालक म्हणाला, ‘‘भजी खायला या, वाचायला नको.’’ मग मोर्चा शाळेच्या सूचनाफलकाकडे वळला. हल्ली मुख्याध्यापक सूचना लिहीत नाहीत, तोंडी सांगतात.

परवा मागच्या बाकावरच्या एकाची चिठ्ठी आली. ‘मुलाला ताप आल्यामुळे तो शाळेत येऊ शकला नाही. कृपया रजा मंजूर करावी.’ खाली वडिलांची सही. ‘मुलाला’चा उकार पहिला, ‘मंजूर’चा दुसरा, सगळं जागच्या जागी. तिथेच मला संशय आला. त्याच्या वडिलांच्या आधीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत: ‘मूलाला ताप आहे सूट्टि द्यावि.’

वडिलांना बोलावून घेतलं. चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, पोराकडे पाहिलं, परत वाचली.

‘‘हे माझं नाही, बाई.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘एक पण चूक नाही?’’

‘‘एकही नाही.’’

पोरगं भिंतीला टेकून मार खायच्या तयारीत उभं. वडिलांनी चिठ्ठीची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘बाई, सोसायटीत कर्जाचा अर्ज द्यायचाय. ह्याला आज दुपारनंतर सोडता का?’’