एम-तीन आणि नवं-जुनं

निम्न तेरणा धरणात पाणी किती, हे धरणाजवळच्या माकणी गावात कुणालाही विचारा. उत्तर दलघमीत मिळेल, आणि मृतसाठा किती तेही वर सांगतील. देशात पैसा किती, हे मात्र रिझर्व्ह बँकच जाणे. ती दर पंधरवड्याला मोजते. १९७७ पासून तिच्याकडे चार मापं आहेत. लोकांच्या हातातली रोकड आणि बँकेत मागताक्षणी मिळणाऱ्या ठेवी, हे मुख्यतः एम-१. त्यात बँकांच्या मुदत ठेवी घातल्या की एम-३, अर्थतज्ज्ञांचं लाडकं. मुदत ठेवी म्हणजे मृतसाठाच. पण ही मंडळी तो धरूनच धरण भरल्याचं जाहीर करतात.

कॅशियरपुढची पाचशेंची थप्पी या हिशेबात पैसाच नाही. काचेच्या अलीकडे आली की पैसा! (तरी कॅशियर ती दोनदा का मोजतो, कोण जाणे.) आजीचं पोस्टातलं बचत खातं एम-३ला दिसत नाही, एम-२ आणि एम-४ला दिसतं. तिने राष्ट्रीय बचत पत्र घेतलं, तर चौघांनाही दिसत नाही.

खरी करामत मार्चअखेरची. पीककर्जाचं नवं-जुनं. शेतकरी चार दिवसांसाठी व्याजाने रोकड उचलतो आणि बँकेत भरतो. कर्ज फिटलं, तेवढा पैसा देशातून नाहीसा झाला. मग बँक त्याच्याच खात्यावर नवं कर्ज चढवते, तेवढा पैसा नव्याने जन्मतो. दोन्ही वेळा अर्थशास्त्र बरोबर. संध्याकाळी रक्कम सावकाराच्या घरी. पंधरवड्याच्या आकड्यात पानही हललं नाही. बँकेची वसुली झाली, वाटपही झालं. शेतकऱ्याच्या अंगावर तेच कर्ज आणि वर चार दिवसांचं व्याज. ते कोणत्या एममध्ये धरायचं?

८ नोव्हेंबर २०१६ला चलनातल्या नोटांपैकी मूल्याने ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद झाल्या. १४ तारखेपासून जिल्हा बँकांना त्या घ्यायलाही मनाई झाली. लोकांच्या हातातली रोकड आटली, बँकांतल्या ठेवी फुगल्या; एम-३ला फारशी झळ लागली नाही. गावोगावचे संसार त्या दिवसांत किराणा दुकानदाराच्या वहीवर चालले, आणि या वहीला अजून एकही एम मिळालेला नाही.

तेव्हा रिझर्व्ह बँकेने एम-५ काढावाच. मोजणी माकणीतून सुरू करावी, पण सोयाबीन निघाल्यावर. त्याआधी दुकानदार वही दाखवणार नाही आणि गिऱ्हाईक दुकानासमोरून जाणार नाही.