ओळख अधिक तीन: खेळाडूंसाठी मार्गदर्शिका

जग बुडालेलं आहे, गोळ्या मोजून वापरायच्या आहेत, आणि तरीही टेबलावरचं सगळ्यात लांबलेलं भांडण होतं ते कुणाच्या शीटवर कुणासमोर कोणता आकडा आहे यावरून. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या रोलप्लेइंग गेममधला हा नित्याचा प्रसंग. सबब पहिल्या आवृत्तीचे नियम प्रमाण मानून पुढील सूचना जारी करण्यात येत आहेत.

१. आकडा वाचणे

प्रत्येक शीटवर इतर पात्रांच्या नावांसमोर ‘एचएक्स’ नावाचा आकडा असतो. तो उणेही असतो. वरची मजल अधिक तीनपर्यंत. ‘मी तुला किती ओळखतो’ एवढंच तो सांगतो. प्रेम, आदर आणि उसनवारी यांचा त्यात समावेश नाही. माझ्या शीटवर तुझ्यासमोर अधिक तीन आणि तुझ्या शीटवर माझ्यासमोर उणे एक, हे नियमाला धरूनच आहे. अशा वेळी “एवढंच ओळखलंस का मला?” असा सवाल टाकू नये. उत्तर पेन्सिलीने आधीच लिहिलेलं आहे.

२. मदत करणे

दुसरा फासे टाकत असताना मदतीची उबळ आल्यास आपण सहा बाजूंचे दोन फासे टाकावेत व बेरजेत त्याच्याबद्दलचा आपला एचएक्स मिळवावा.

अ) दहा किंवा अधिक: त्याला अधिक एक.
आ) सात ते नऊ: त्याला अधिक एक मिळतोच, शिवाय गोळीबार, धोका, सूड किंवा भुर्दंड यांपैकी काहीतरी आपल्या वाट्याला येतं.
इ) सहा किंवा कमी: पुढचं मास्टर ऑफ सेरेमनीज, म्हणजे सूत्रसंचालक, ठरवतो. तो मघापासून याचीच वाट पाहत होता.

एचएक्स अधिक तीन असेल तर ३६ शक्यतांपैकी ३ वेळा मदत फसते. उणे दोन असेल तर २६ वेळा. सद्भावनेचे वेगळे गुण नाहीत. नियमपुस्तक चाळण्यात वेळ घालवू नये.

३. खोडा घालणे

फासे तेच, आकडाही तोच. मात्र मदतीने समोरच्याला अधिक एक मिळतो, तर खोड्याने उणे दोन. म्हणजे जो जवळून ओळखतो त्याची मदतही सहसा फसत नाही आणि खोडाही. फक्त खोड्याचं वजन दुप्पट. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी पाहिलेल्या खेळाडूंना हे कलम समजावून सांगावं लागत नाही.

४. गोळी घालणे

इथे नवखे हमखास चुकतात. मी तुला इजा केली की आकडा वाढतो तो तुझ्या शीटवर, माझ्या नावासमोर: इजेच्या प्रत्येक घरामागे एक. समजा तुझा आकडा अधिक दोन होता आणि चिलखतातून दोन घरांची इजा झाली. आकडा अधिक चारवर जाताच तो अधिक एकवर परत येतो आणि तुला अनुभवाची एक खूण मिळते. पाच खुणा भरल्या की पात्र सुधारतं.

ज्याला गोळी लागली त्याने घालणाऱ्याला आणखी ओळखलं, यात काही गैर नाही. घालणाऱ्याच्या ज्ञानात काहीही भर पडत नाही. “पण आता आपलं वैर झालं ना?” हा आक्षेप फेटाळावा, वैराचा रकाना नाही. तसंच, शिकण्याच्या हेतूने मित्राकडे गोळी मागू नये. तो देईल.

५. सत्राअखेरचे व्यवहार

खेळ संपताना प्रत्येकाने, आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त ओळखू लागलेलं एक पात्र निवडून त्याला एक वाढवायला सांगावं. कुणीच तसं नसेल, तर ‘वाटतं तितकं हा मला ओळखत नाही’ असं ठरवून कुणाचा तरी एक कमी करावा. ज्यांचा आकडा तीनवर आहे ते यावेळी अचानक मधाळ बोलू लागतात, चहाचे कप उचलतात. आपुलकीची ही लाट अनुभवाच्या खुणेसाठी आहे हे ओळखून कप त्यांच्याकडूनच धुऊन घ्यावेत.

६. वादनिवारण

आकड्याच्या अर्थावरून दोन खेळाडूंत जुंपल्यास तिसऱ्याने मध्यस्थी करण्यास हरकत नाही. मात्र त्यापूर्वी त्याने दोघांच्याही नावांसमोरचे आपले आकडे पाहावेत आणि कलम २, पोटकलम इ, सावकाश वाचावं.