नाटक पाहण्याआधीच निकाल

हॉलीवूडच्या ड्र्यू स्ट्रुझन यांनी 'स्टार वॉर्स' आणि 'इंडियाना जोन्स'ची पोस्टरं हातानं रंगवली आणि त्या चित्रपटमालिकांना कायमचा चेहरा मिळाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 1920 च्या दशकात आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतःच रंगवली होती. पण चित्रानं प्रेक्षक कसा ओढायचा, हे शिकायचं असेल तर दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात या. मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की साकोली, लाखांदूरकडे पानठेल्यांवर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांची पोस्टरं झळकतात.

त्यांचा साचा ठरलेला. मधोमध रडवेली नायिका, कपाळावर ठसठशीत कुंकू. एका कोपऱ्यात डोळे वटारणारा खलनायक, दुसऱ्यात तोंड वेडंवाकडं केलेला विनोदवीर. मुंबईहून पाहुणा कलाकार आणला असेल तर त्याचा चेहरा सर्वांत मोठा. भूमिका तेवढी मोठी असेलच असं नाही. लेखकाचं नाव शोधायला चष्मा लागतो, बुकिंगचा मोबाइल नंबर रस्त्यापलीकडूनही वाचता येतो. नाटक बदलतं, कंपनी बदलते, अश्रू तेच.

शहरी जाणकार हे पोस्टर पाहूनच अख्ख्या रंगभूमीचा निकाल लावतात: भडक! 2023 मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तरी तो शिक्का पुसला गेला नाही. पहाटेपर्यंत जागणारा प्रेक्षक मात्र या निकालाला हिंग लावून विचारत नाही. पोस्टरला हसायचं तर खुशाल हसा. आधी तिकीट काढून रात्रभर बसा.