कपाळाची हद्द

एडिसन, न्यू जर्सी
12 एप्रिल 2025

तीर्थस्वरूप आबांच्या चरणी बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार. आणि ज्या शिराने तो घातला, त्याचीच कैफियत पुढे सादर आहे.

पिशोरहून निघताना माझ्या कपाळाची जी हद्द मुक्रर होती, ती सात वर्षांत चार बोटे मागे सरली आहे. इथली मराठी मंडळी याचा ठपका नळाच्या पाण्यावर ठेवतात. मी मात्र बायोटिनच्या गोळ्यांवर इतका पैसा घातला की तेवढ्यात अंजनेकाठी दोन गुंठे आल्याचे बेणे झाले असते. अखेर डॉक्टरीणबाईंनी रक्त घेण्यापूर्वी प्रथम त्या गोळ्याच तहकूब केल्या, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. आणि लोहासकट सारे यथास्थित निघाल्यावर, ज्याची शरीरात उणीव नाही ते वरून ओतल्याने केस उगवत नाहीत, असा निकाल दिला. सूनबाईंचे प्रकरण निराळे: बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांचे केस पुंजक्यांनी गळाले, आपसूक परतही आले, आणि श्रेय मात्र आईच्या अळिवाच्या लाडवांनी घेतले.

अधिक घेतल्याने अधिक केस जातात, हेही आता कळले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड येथील माणसांची डोकी परवाच्या हिवाळ्यात तीन-चार दिवसांत उघडी पडली, तेव्हा मूळचे जालन्याकडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात सेलेनियम अधिक व जस्त कमी असल्याचे सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. इकडे अमेरिकेत 2008 साली तेच सेलेनियम लोकांनी एका पौष्टिक द्रवातून आरोग्यासाठी विकत घेऊन प्राशन केले. त्या पौष्टिक द्रवात ते लेबलावरील आकड्याच्या दोनशेपट निघाले, 201 जण बाधले, आणि त्यांतील पुष्कळांचे केस गेले.

राहता राहिला वारसा. टक्कल मामाकडून येते, असे म्हणून आपण आजवर आईच्या माहेरावर फिर्याद चालवीत आलात. परंतु डॉक्टरीणबाईंच्या मते मातेकडून येणारे गुणसूत्र वजनदार असले, तरी या इस्टेटीत पित्याकडील जनुकेही हिस्सेदार असतात. तेव्हा आपण निजतानासुद्धा टोपी का उतरवीत नाही, याचा खुलासा उलट टपाली व्हावा.

आईने पाठविलेली माक्याच्या तेलाची बाटली पोहोचली. गॅरेजच्या दाराची कुरकुर त्या तेलाने पार थांबली. एवढी ओळ आईला वाचून दाखवू नये.

आपला आज्ञाधारक,
बाळू