दिघीसमोरची खोली

भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३. हे आकडे शाळेत घोकले तेव्हापासून डोक्यात पक्के बसलेत, आणि मला वाटतं सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. आकडा पाठ असला की ती गोष्ट आपल्या खिशात आहे असं माणसाला वाटायला लागतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी रद्दीच्या दुकानातून शाळेतला भिंतीवरचा नकाशा आणला, एक सेंटिमीटरला चाळीस किलोमीटर प्रमाणाचा. बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ उचललं, टाचण्या टोचल्या आणि जाहीर केलं, "पस्तीस दिवसांत अख्खा भारत. तेवीस मुक्काम."

"दोरा आठवणीने जागेवर ठेवा," ती म्हणाली. देशाबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं.

दोऱ्याचा एक गुण असा की त्याला घाट लागत नाही. श्रीनगर ते लेह दोरा ताणला तर साडेसहा सेंटिमीटर भरला, म्हणजे २६० किलोमीटर. पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडं जास्त. सकाळी पोहे खाऊन निघायचं, साताऱ्याऐवजी सोनमर्गला चहा घ्यायचा आणि दुपारी लेहला जेवायला. वहीत मी तसं लिहूनही टाकलं होतं. रस्त्याने ते अंतर ४२० किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये झोजिला आहे आणि शहाणी माणसं कारगिलला मुक्काम करतात, हे मुलीने सांगितलं. वर ती म्हणाली, "बाबा, लेहला पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. हवा विरळ असते."

मी म्हटलं, मी कळसूबाई चढलेला माणूस आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. लेहचा नुसता बाजारच ३,५०० मीटरवर भरतो, म्हणजे आमचं सर्वोच्च शिखर एकावर एक दोनदा ठेवा आणि वर आणखी थोडं चढा. (कळसूबाई चढलो ते १९८९ साली, हे मी तिला सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.)

मग मी खरं शास्त्रशुद्ध काम हाती घेतलं. एक्सेलमध्ये तक्ता केला. आडवे बारा महिने, उभी तेवीस ठिकाणं. जाण्यासारखा महिना हिरवा, नसेल तो लाल. बँकेत असताना असे तक्ते करून मी भल्याभल्या मॅनेजरांना गप्प केलं होतं. इथे गप्प बसायची पाळी माझ्यावर आली. लेहच्या रस्त्यांना उन्हाळा हवा, जून ते सप्टेंबर. कच्छच्या रणात त्याच सुमारास पाणी भरायला लागतं, पांढरं मीठ बघायचं तर नोव्हेंबरनंतर या म्हणतात. मेघालयात जून-जुलैमध्ये जावं तर मौसिनराम म्हणजे जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, तिथे डोंगर बघायचा की छत्रीचा आतला भाग? पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबरात कन्याकुमारीला जावं, तर आपला पाऊस परतताना त्यांना भेटून जातो, त्यांचा खरा पावसाळा तेव्हाच. जैसलमेर मे महिन्यात लाल. श्रीनगरला जानेवारी मी लाल केला, मुलीने येऊन हिरवा केला, बर्फ बघायचा असतो म्हणून. दोन दिवस रंग भरल्यावर लक्षात आलं की वरपासून खालपर्यंत हिरवा असा एकही महिना या देशात नाही.

"म्हणजे देशातच चूक आहे," बायको म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

मी नोव्हेंबर नक्की केला आणि लेहची टाचणी जड मनाने उपटली. तेवीसचे बावीस झाले.

आता तिकिटं. रेल्वेचं सर्क्युलर तिकीट असतं हे मला माहीत होतं. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, वाटेत उतरत उतरत. सगळी तिकिटं सुटी काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, कारण लांबच्या अंतराला दर किलोमीटरचं भाडं उतरत जातं. मी नकाशाचा फोटो आणि बावीस नावांची यादी घेऊन आरक्षण कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी यादी शांतपणे वाचली, फोटो मोठा करून पाहिला.

"काका, यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं."

"मग बाकीच्या चौदा?"

"आणि ही प्रदक्षिणा असावी लागते. तुम्ही भरतकाम केलंय."

फोटोत खरंच तसं दिसत होतं. दोरा जोधपूरहून गुवाहाटीला, तिथून हंपीला आणि पुन्हा वर अमृतसरला गेला होता. मागच्या रांगेतला एक जण फोटोत डोकावून म्हणाला, "छान आहे, कशिदा." दिब्रुगड ते कन्याकुमारी हा धागा मात्र मला अजूनही योग्य वाटतो. विवेक एक्सप्रेस चार हजारांहून जास्त किलोमीटर एका दमात जाते, दोन कोपरे एका तिकिटात. पण गाडीत तीन दिवसांहून जास्त बसावं लागतं हे कळल्यावर बायकोने बोटांवर दशम्या मोजल्या आणि हिशेब पन्नासच्या वर गेल्यावर हात खाली ठेवला.

सुटी तिकिटं काढू म्हटलं. चार महिने आधी आरक्षण उघडतं या जुन्या हिशेबाने एकशेविसाव्या दिवशी पहाटे उठून, अंघोळ करून, आठच्या ठोक्याला कॉम्प्युटरपुढे बसलो. तारीखच उघडेना. आता मुदत साठ दिवसांची आहे, नोव्हेंबर २०२४ पासून. बँकेतल्या परिपत्रकांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे परिपत्रक नातवाकडून कळलं.

साठ दिवस भरायची वाट बघता बघता निदान राहायच्या जागा तरी पक्क्या करू म्हणून मी उदयपूर घेतलं. तलावांचं शहर. फोनवर एक स्वस्त गेस्ट हाऊस सापडलं. फोटोत तळं होतं, आणखी एका फोटोत पाण्याच्या मधोमध उभा असलेला महाल होता. आणखी काय पुरावा हवा? मी फोन लावला.

"रूम दिघी के एकदम सामने है, सर."

दिघी! आळंदीच्या वाटेवरची आमची दिघी! माणूस इकडचा निघाला. मी लगेच मराठीत सुरू झालो, "अहो मग आपण शेजारीच की!" पलीकडे क्षणभर शांतता, मग पुन्हा हिंदी. मी समजलो, बरीच वर्षं तिकडे राहून मराठी विसरलेत. जवळ बघण्यासारखं काय, विचारलं. "माँ त्रिपुरसुंदरी का मंदिर, सर, चार किलोमीटर." मी लगेच नकाशाकडे पाहिलं. राजस्थानात बांसवाड्याजवळ त्रिपुरसुंदरीचं मंदिर आहे, हे माझं वाचन. ते उदयपूरपासून चांगलं लांब आहे, पण गेस्ट हाऊसवाले अंतर कमीच सांगतात. तीन रात्रींचे पैसे भरले. रद्द केल्यास परत मिळणार नाहीत, त्यावर सूट होती.

पावती मुलीने पाहिली. "बाबा, पिनकोड सातने सुरू होतोय."

"मग?"

"राजस्थानचा तीनने होतो."

छत्तीस वर्षं मी ड्राफ्टच्या पाकिटांवर पिनकोड घातले आहेत. खुर्चीत बसलो. ते उदयपूर त्रिपुरातलं होतं, आगरतळ्यापासून पन्नासेक किलोमीटर. तेही तलावांचं शहर म्हणवतं. दिघी म्हणजे तिकडे मोठं तळं. पाण्यातला महाल म्हणजे रुद्रसागरातला नीरमहल, आणि त्रिपुरसुंदरी खरोखरच चार किलोमीटरवर. तो माणूस माझ्याशी एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. नकाशात दोन्ही उदयपूरं कर्कवृत्ताच्या आसपास, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. मी दोरा लावला. पंचेचाळीस सेंटिमीटर.

बाकीच्या एकवीस टाचण्यांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पैसे भरलेली जागा एकच होती, म्हणून आम्ही तिथे गेलो. पुण्याहून कोलकाता, तिथून आगरतळा विमानाने, आणि पुढे ज्या गाडीत बसलो तिच्यावर स्टेशनचं नाव स्पष्ट 'उदयपूर त्रिपुरा' लिहिलेलं होतं. राजस्थानातल्याला रेल्वे 'उदयपूर सिटी' म्हणते. ज्यांना वाचायचं असतं त्यांच्यासाठी रेल्वेने सगळी सोय केलेली आहे. गेस्ट हाऊसच्या मालकांनी दारातच हात जोडले आणि हसून विचारलं, "पुणेवाले सर? आपके वहाँ भी दिघी है?"

मी हो म्हटलं. पाणी किती आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा विषय बदलला.

त्रिपुरसुंदरीच्या देवळामागे कल्याणसागर आहे, त्यात मोठाली कासवं. लोक त्यांना कुरमुरे आणि बिस्किटं घालतात. बायको पायरीवर बसून शांतपणे घालत होती. पावणेपाचलाच सूर्य मावळला. उदयपूर सिटीत अजून तासभर ऊन असेल, मी म्हटलं, घड्याळ मात्र दोन्हीकडे मिर्झापूरचं, साडेब्याऐंशी रेखांशाचं. तिने वर न बघता आणखी चार कुरमुरे टाकले.

देवीचा प्रसाद म्हणजे पेढे, माताबाडीचे म्हणून ओळखले जातात. आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण बसेना. मी शर्टाच्या खिशात हात घातला तर लाल दोऱ्याचं रीळ हाताला लागलं. उद्याचं अंतर मोजायला आणलं होतं. तिने ते माझ्या हातातून घेतलं, खोक्याला दोन उभे, दोन आडवे वेढे दिले, गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि उरलेलं रीळ स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.