केवढ्याला घेतलीत?

पार्ल्यातल्या एका सोसायटीचा पुनर्विकास निघाला आणि त्यापायी मी पद्मिनीचा मालक झालो. नव्या इमारतीत म्हणे एका फ्लॅटमागे एकच गाडी, आणि तीही यंत्राने उचलून कप्प्यात ठेवायची. जुने मालक म्हणाले, "या वयात मी स्वतःला लिफ्टमध्ये कोंडून घेतो तेवढं पुरे. तिला नको."

तिला म्हणजे १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीला. रंग सायीचा, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला, पुढे दिवाणासारखी सलग सीट, दारांना हवेसाठी तिकोनी काचा आणि एमएच येण्याआधीची तीन अक्षरी नंबरपाटी. मी नुसता पाहायला गेलो होतो. रत्नागिरीचा माणूस पाहायला जातो तेव्हा खरोखरच नुसता पाहून येतो. चहा पितो, चार खोडी काढतो आणि "कळवतो" म्हणून निघतो. माझं नेमकं कुठे चुकलं ते अजून कळलेलं नाही.

बायकोला मी किंमत सांगितली एक लाख दहा हजार. खरी किंमत त्याहून वर होती. किती, ते सांगायची वेळ येऊ नये अशी तजवीज मी केली होती. गाडी ताब्यात घ्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हा मी खाली मालकांकडून चोक किती ओढायचा ते शिकत होतो आणि ही वर मालकीणबाईंबरोबर स्वयंपाकघरात होती. अर्धा तास. या अर्ध्या तासाकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

पार्ले ते रत्नागिरी साधारण साडेतीनशे किलोमीटर. आमच्या रत्नागिरीच्या मेस्त्रींना मी आदल्या रात्री फोन केला. म्हटलं, ट्रकवर टाकत नाही, स्वतः चालवत आणतोय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. चपला नीट बघून घाला."

डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, दोन प्लग, दहा लिटर पाणी आणि वडिलांचं एक जुनं धोतर. हिने आपलं जनशताब्दीचं तिकीट रद्द केलं. मला भरून आलं. ती म्हणाली, "तुम्ही कुठे अडकलात तर मलाच यावं लागणार. त्यापेक्षा आधीपासून तिथे असलेली बरी."

पहाटे पाचला निघालो. पहिला प्रश्न पनवेलच्या पेट्रोल पंपावर. टाकीचं झाकण उघडता उघडता पोऱ्या म्हणाला, "टॅक्सी होती का? रंग नवा मारलाय वाटतं." त्याचंही चूक नव्हतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या त्याच सुमाराला काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. तेव्हापासून शिल्लक राहिलेल्या प्रत्येक पद्मिनीकडे लोक निवृत्त टॅक्सी म्हणून पाहतात. मी म्हटलं, घरगुती आहे, एकाच हातातली. "केवढ्याला घेतलीत?" ही शेजारी बसलेली. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "एक दहा." पोऱ्याने नोझल काढलं, झाकण लावलं आणि म्हणाला, "जास्त दिले."

पेट्रोलबद्दल एक सांगून टाकतो. हल्ली त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलचा काही भाग येतो उसातून. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. कोकणातल्या गाडीच्या पोटात देशावरचा ऊस घालायचा आणि वर ती कुरकुरते म्हणून तिलाच बोल लावायचा, हे मला पटत नाही.

पळस्पे फाट्यापासून आपला महामार्ग सुरू होतो. पूर्वीचा सतरा नंबर, आताचा सहासष्ट, थेट कन्याकुमारीला जाणारा. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला. तेव्हा आमची पद्मिनी सत्तावीस वर्षांची होती. आज दोघींच्या तब्येतीत फार फरक नाही. सडक असो की पद्मिनी, काही ना काही उघडून ठेवलेलं असतं.

पेणला चहाला थांबलो. बाहेर येऊन पाहतो तर गाडीभोवती सात-आठ जण. एका गृहस्थांनी बॉनेटवर हात ठेवला होता, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. त्यांच्या वडिलांनी फियाटचं बुकिंग केलं तेव्हा हे बालवाडीत होते. गाडी दारात आली तेव्हा त्यांना मिसरूड फुटली होती. दुसऱ्यांनी त्याहून जुनी, गोलमटोल डुक्कर फियाट चालवली होती, आणि पद्मिनीवाल्यांकडे ते जरा वरूनच पाहत होते. मग अपेक्षित प्रश्न आला. हिचा चहा अजून संपायचा होता, म्हणून मी हळूच म्हटलं, "नव्वद." सगळे एकदम म्हणाले, "फसलात."

नव्वदवर फसलात, तर खऱ्या आकड्यावर काय म्हणाले असते? पेण सोडताना मी मनातल्या मनात आणखी वीस हजार कमी केले.

कोलाडच्या अलीकडे गाडी उन्हात उचकी देऊन थांबली. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसवलेला. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. औषध सोपं आहे. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि सावलीत बसायचं. वडिलांच्या धोतराचा तुकडा कामी आला. त्या अर्ध्या तासात हिचा चेहरा पाहून मी विषय काढला की ही साधीसुधी गाडी नाही. पद्मिनी हे नाव पुढचं, मूळची ही फियाट. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घरासाठी हीच फियाट घेतली होती, १९६४ च्या मॉडेलची. किंमत १२ हजार, जवळ सातच हजार, म्हणून बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं. पंतप्रधानांनी! ही शांतपणे म्हणाली, "आणि ते गेल्यावर ललिताबाईंनी ते कर्ज आपल्या पेन्शनमधून फेडलं."

मला पुढचं वाक्य सुचलं नाही.

"म्हणजे मी काय ते समजून चालते," ती म्हणाली.

माणगावच्या बाजारात गाडी पुन्हा बसली, तीही एसटी आणि कलिंगडांचा टेम्पो यांच्या मधोमध. या खेपेला कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा होता. टाकीच्या तळाला साठलेला चाळीस वर्षांचा गंज एकदाचा मुंबईबाहेर फिरायला निघाला होता. जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं आणि माझ्याकडे सगळं सामान पान्याच्या मापाचं. मी हताश होऊन हिला सांगितलं की मोटारीने लांबचा पहिला प्रवास केला तो एका बाईने. बर्था बेंझ. ऑगस्ट १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्टझहाइमला, शंभरेक किलोमीटर, दोन मुलांना घेऊन. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली, आणि इंधन घेतलं एका औषधाच्या दुकानातून.

हिने अंबाड्यातला आकडा काढून माझ्या हातात दिला. जेट साफ झाला, इंजिन पहिल्या किल्लीत सुरू झालं, एसटीच्या खिडक्यांतून टाळ्याही पडल्या.

"त्या बाईंनी गाडी नवऱ्याला न सांगता काढली होती ना?" हिने विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही बायकोला न विचारता घेतलीत. बाकी गोष्ट सारखीच."

मदतीला धावून आलेल्या मेस्त्रीला मी सत्तर सांगितले. त्याच्या गावात अशीच एक पडून होती, ती भंगारात अठरा हजारांना गेली.

महाड, पोलादपूर मागे पडलं. एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन आणि कागदावर चाळीसच्या आसपास घोडे; पोलादपूर येईपर्यंत त्यातले निम्मे चरायला गेले होते. कशेडीचा घाट आता जवळजवळ दोन किलोमीटरच्या बोगद्याने चुकतो, याबद्दल मी ज्याचे त्याचे मनापासून आभार मानले. परशुराम घाट मात्र चुकत नाही. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. उतारावर ते तापले की पेडल गादीसारखं मऊ होतं. परशुरामाने एका बाणात समुद्र मागे हटवला म्हणतात. मी अकरा वेळा पेडल मारलं तेव्हा पुढचा डंपर एक हात लांब राहिला. उरलेला घाट दुसऱ्या गियरमध्ये, देवाचं नाव घेत. देऊळही तिथेच आहे, सोय चांगली.

मुक्काम चिपळूणला साडूंकडे. साडू बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना मी पन्नास सांगितले, म्हटलं, इथे तरी शाबासकी मिळेल. त्यांनी ताटातला हात थांबवला. "पन्नास? कागदपत्रं पाहिलीत का? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते. चोरीची तर नाही ना?" रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी आरसी बुक चष्मा लावून दोनदा वाचलं. हिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली काहीच नाही. एवढा वेळ ती काहीच बोलत नाहीये, हेही माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सकाळी आरवलीत रेडिएटर उकळला. उतरून पाहतो तर पुढच्या डाव्या चाकावरची क्रोमची व्हीलकॅपही नाही. सावर्ड्यात होती, तिथे मी ती पुसली होती. डिकीतलं पाणी धोतरावर संपलेलं. रस्त्यालगतच्या घरातून एक आजी कळशी घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, "थंड देव, का कुंडातला?" आरवलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, लांबून लोक आंघोळीला येतात. उकळत्या रेडिएटरपुढे उभं राहून हा प्रश्न ऐकणारा मी पहिलाच असेन. पाणी ओतून झाल्यावर आजींनीही गाडीला एक फेरी मारली आणि विचारायचं ते विचारलं. मी थकलो होतो. म्हटलं, "भेट मिळाली, आजी." आजी म्हणाल्या, "फुकट गावली तरी पेट्रोल तुमालाच घालाचा हाय."

संगमेश्वर, बावनदी, निवळीचा चढ, मग हातखंबा. तिठ्यावर उजवीकडे वळलो तशी गाडी एकाएकी गोड चालू लागली. गुरं संध्याकाळी गोठ्याच्या वाटेला लागली की चालतात, तशी. मारुती मंदिराच्या चौकात दोघातिघांनी हात केला. ओळखीचे होते की गाडीला केला, ते विचारलं नाही.

घराच्या फाटकात शेजारचे काका उभेच. त्यांनी चाकं पाहिली, दार उघडून-मिटून आवाज ऐकला, खाली वाकून सायलेन्सर पाहिला आणि सरळ होत म्हणाले, "केवढ्याला घेतलीत?"

मी तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "एक लाख ब्याऐंशी हजार. टायरचे सोळा वेगळे."

पार्ल्यातला तो अर्धा तास मला तिथे, फाटकात उभ्याउभ्या समजला. काका म्हणाले, "एवढ्यात दुसरी चांगली गाडी आली असती." ही सीटवरचा धोतराचा तुकडा घडी घालत म्हणाली, "आली असती. पण काल पनवेलपासून लोक हिलाच हात लावतायत." आणि जेटमधून काढलेला आकडा अंबाड्यात खोचून आत गेली.

आता एक विनंती. सावर्डे ते आरवली या पट्ट्यात रस्त्याच्या डाव्या बाजूला कोणाला जुन्या फियाटची क्रोमची व्हीलकॅप सापडली असेल, तर कृपा करून सांभाळून ठेवावी. मी येऊन घेऊन जाईन. चहा माझ्याकडून. किंमत तेवढी विचारू नये.